येते म्हणून गेली

३ नोव्हेंबर, सोमवार

धनश्री फोनवर म्हणाली, बाबा, रोज चार ओळी लिहा, बरं वाटेल. मला वाईटच वाटत नाही तर बरं कुठून वाटणार? पण पोरगी पुण्यात बसून जीव खालीवर करून घेते, म्हणून लिहायला बसलो. डायरी बियाण्याच्या कंपनीची आहे, जानेवारीपासून दुकानात पडून होती. प्रत्येक पानाखाली सुविचार छापलेत. ते मी वाचत नाही.

पहिल्या पानावर नाव-गाव विचारलंय, ते भरलं. रामलिंग, किराणा दुकान, स्टेशन रस्ता, पिंगळी. घरात कोण कोण ते विचारलेलं नाही. माय आणि मी. धनश्रीची आई दसऱ्याच्या तोंडावर गेली. सकाळी छातीत दुखायलंय म्हणाली, ऑटोनं परभणीला दवाखान्यात नेली, दिवस मावळायला गाडीतून परत आणली. आम्हा लिंगायतांत बसवून माती देतात, तशी दिली. मायनं स्वतःच्या हातानं तिच्या कपाळाला भस्म लावलं. लोक म्हणाले, म्हातारी लय घट्ट आहे.

घट्ट कसली. दुसऱ्या दिवशी विसरली. मायला जुनं सगळं आठवतं, कालचं काही राहत नाही.

आज दुपारी ताट पुढं ठेवलं तर तिनं इकडंतिकडं बघितलं.

"महेसरी कुठं गेली रं?"

"वारली ती, माय."

"अगं बया! कव्हा?"

"दसऱ्याआधी."

"आन मला कुणी सांगितलं न्हाई?"

मग कपाळ बडवून घेतलं, ताट सरकवलं आणि भिंतीकडं तोंड करून रडत पडली. मी दुकानात जाऊन बसलो. चार ओळी झाल्या.

५ नोव्हेंबर, बुधवार

पुन्हा तेच. शब्दसुद्धा तेच. "मला कुणी सांगितलं न्हाई?" दरवेळी तिला नव्यानं कळतं आणि दरवेळी ती तेवढीच रडते. त्या दिवशी मग अन्नाला शिवत नाही.

शेजारच्या केशरबाई आम्हाला दोन वेळा भाकरी करून देतात. त्यांनी मला दारातच धरलं. "अप्पा, तुमाला काही काळीज हाय का न्हाई? म्हातारीला रोज मारायलाव तुमी."

मी म्हणालो, "तिनं विचारलं, मी सांगितलं. खोटं सांगू का?"

"आन मागल्या दाराची कडी कामून लावत न्हाई? कुत्रं शिरलं व्हतं परवा."

ते दार धनश्रीच्या आईच्या येण्याजाण्याचं. माझ्या ध्यानात राहत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

धनश्रीचा फोन. केशरबाईंनी तिच्याकडं गाऱ्हाणं केलेलं दिसतं. "बाबा, सांगा ना, येलदरीला माहेरी गेलीय म्हणून. आज्जी तेवढ्यावर गप बसेल. काय बिघडतं त्यानं?"

बिघडतं. मी सोळा वर्षांचा होतो तेव्हा दीक्षा घेतली. गळ्यात लिंग आहे. खोटं बोलणार नाही म्हणून गुरूंसमोर बोललो ते आजपर्यंत पाळलं. दुकानात तूर जुनी असली तर जुनी आहे म्हणून सांगतो, गिऱ्हाईक उठून गेलं तर गेलं. गावात म्हणतात, रामलिंगअप्पाच्या तोंडून निघालं म्हणजे निघालं. घरातही तेच. धनश्रीची आई नवी साडी नेसून कशी दिसते विचारायची. बरी दिसत नसली तर बरी नाही म्हणायचो. पुढं पुढं तिनं विचारणं सोडलं, म्हणजे तिलाही पटलं असणार.

ह्या घरात पूर्वी असलं चालायचं. मायचा भाऊ सर्पदंशानं गेला तेव्हा सांगावा घेऊन माणूस आला. आजीनं त्याला ओसरीवर गप बसवलं, मायला आधी पोटभर जेवू घातलं, मग सांगितलं. माय ते फार कौतुकानं सांगायची, "सासू असावी तर असली." मला त्यात कौतुक काय ते कधी कळलं नाही. ती जेवत होती तेव्हा भाऊ मेलेलाच होता की. ती फसवणूकच.

धनश्रीला म्हणालो, जमणार नाही. तिनं फोन ठेवला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज मायनं स्वतःच वाट काढून दिली.

"महेसरी दिसंना. येलदरीला गेली का, म्हायेराला?"

नुसतं हूं म्हणायचं होतं. तिनं भाकरीचा तुकडा मोडून हातात धरलेला होता. मी त्या तुकड्याकडं बघत होतो.

"येलदरीला न्हाई माय. वारली ती."

तुकडा हातातून पडला. पुढचं लिहीत नाही, रोजचंच आहे. मला काही वाटलं नाही. हात धुतले, दुकान उघडलं. साबणाची पेटी फोडून मांडून ठेवली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मायला परभणीला दाखवून आणलं. ऑटोत बसवताना तिला उचलली तर हाताला नुसती साडी लागल्यासारखं झालं. दवाखाना दुसरा होता, त्या दवाखान्यात मी गेलो नाही. डॉक्टर तरुण आहेत. म्हणाले, "काका, आजार काही नाही. पोटात अन्न नाही. असंच चाललं तर नाकातून नळी घालायची वेळ येईल, आणि ह्या वयात नळी घातली की माणूस पुन्हा उठेलच असं नाही. घरात त्यांना भरवणारं कुणी आहे का?"

"होतं," म्हणालो.

परत येताना मायनं ऑटोत विचारलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं. ऑटोचा आवाज होताच. पण मला ऐकू आलं होतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दिनकरराव कापसाची गाडी घालून परत जाताना दुकानावर थांबले. आम्ही शाळेपासूनचे. त्यांना खडं मीठ पाहिजे होतं.

मी म्हणालो, "मीठ वाढलंय."

"वाढलंय तर दे की मग."

"वाढलंय म्हणलं ना."

"आरं, वाढलंय म्हणतूस, आन बरणी तर रिकामी हाय. संपलंय म्हण की." आणि दात काढायला लागले. "हे बघा, रामलिंगअप्पा खोटं बोलायलेत!"

मला राग आला. म्हणालो, "मीठ संपलं म्हणत न्हाईत, वाढलं म्हणतात. ही बोलायची रीत हाय. ह्यात खोटं काय आलं?"

"आन दुकान बंद करताना?"

"वाढवतो म्हणतो."

"बांगडी फुटल्यावर?"

"वाढवली म्हणतात. सगळेच म्हणतात."

"म्हणजे गावात सगळेच खोटारडे हावोत. तू येकटा कुठं न्हाईस." हसत हसत दुसरं काहीबाही घेऊन गेले. नंतर त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण रस्त्यावरून वळून परत आले, बांगडीचं बोलायला नको होतं म्हणाले. मला तर लागलंच नव्हतं. लागायला पाहिजे होतं काय?

पण डोक्यात ते भुंग्यासारखं राहिलं. दिवसभर मी किती वेळा म्हणलं ते मोजायला लागलो आणि सोडून दिलं. साखर वाढली. तेल वाढलं. गिऱ्हाईक जाताना येतो म्हणून जातं आणि मी या म्हणतो. जातो कुणी म्हणत नाही. म्हणलं तर मीच दटावतो, "जातो काय म्हणतूस, येतो म्हण."

१७ नोव्हेंबर, सोमवार

महारुद्र स्वामी भिक्षेला आले होते. आमच्या घरचे जंगम, त्यांच्या वडिलांनीच मला दीक्षा दिली. चहा दिला आणि विचारलं, मायला खोटं सांगितलं तर चालतं का. स्वामी बराच वेळ बशीत फुंकत राहिले.

"खोटं ते खोटंच, रामलिंग. लहान-मोठं असं नसतंय त्यात."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पेडगावाहून कुणीतरी पूजेसाठी खोळंबलं होतं. स्वामी म्हणाले, "निघालो, निघालो, वाटेतच हाय बघा." फोन ठेवला आणि दुसऱ्यांदा बशीत चहा ओतला.

त्यांच्या ध्यानात आलं नाही. चांगला माणूस आहे.

मायनं आज पूजा केली. हात विसरलेले नाहीत. डाव्या तळव्यावर लिंग घेते, भस्म लावते, पाणी घालते, ओठ हलतात. पूजा झाल्यावर ताट कोण आणतं म्हणून दाराकडं बघते. मी आणलं तर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी चुकल्यासारखं दिसतं. आज विचारायच्या आधीच थकून झोपली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज माय जेवली.

सकाळी केशरबाई भाकरी द्यायला आल्या आणि उंबऱ्यावर टेकल्या. धनश्रीच्या आईला दवाखान्यात नेलं त्या दिवशी त्या इथंच होत्या. स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत होत्या. "ऑटो उभा व्हता. तुमी तिचा हात धरला व्हता. तिला उभं राहवंना, तरी ती मागं फिरली, आत्याबाईच्या पाया पडली. म्हणली, येते हं आत्याबाई. कधी काही चुकायची न्हाई बाई."

मला ते आठवत नव्हतं. मी ऑटोवाल्याला घाई करत होतो. मला ती काही म्हणाली नाही. मी सोबतच होतो, मला कशाला म्हणेल?

दुपारी मायनं विचारलं, "महेसरी कुठं गेली रं?"

मी म्हणालो, "येते म्हणून गेली, माय."

मायनं माझ्याकडं बघितलं. मग मान हलवली. "येते म्हणली ना? मग येईल की. वाढ मला."

अर्धी भाकरी आणि वरण. ताक मागून घेतलं.

मी खोटं बोललो नाही. एकेक शब्द खरा आहे. ती येते म्हणाली आणि गेली. केशरबाई साक्षीला आहेत.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

माय जेवते आहे. "येते म्हणून गेली." "मग येईल की." एवढंच, आणि घास तोंडात. हे इतकं सोपं होतं.

ऊन चांगलं पडलंय. तिला अंगणात बसवलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

तीनचार दिवस लिहिलं नाही, लिहायला काही नव्हतं. मायच्या अंगावर थोडी चमक आलीय. डॉक्टरांना फोनवर सांगितलं, त्यांना आनंद झाला. धनश्रीलाही झाला, पण तिनं मध्येच विचारलं.

"बाबा, तुम्ही परवा काय म्हणालात आठवतंय का? मी तिळगुळासाठी तीळ पुण्यातून आणू का विचारलं, तर म्हणालात, तुझी आई आल्यावर बघू."

"मी असं म्हणलो?"

"हो. मला वाटलं तुम्ही दुसऱ्या कुणाशी बोलताय."

मला आठवत नाही. तोंडात बसलंय रोज बोलून, तेवढंच असेल. तिला म्हणालो, चुकून निघालं. ती म्हणाली, दोन दिवस येऊ का? म्हणालो, कशाला, सगळं नीट आहे.

नवीन शेंगदाणा आला. बारीक दाणा वेगळा काढून डब्यात भरून ठेवला, चटणीला धनश्रीच्या आईला तोच लागतो.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारची गाडी आली की स्टेशनवरून माणसं दुकानासमोरून गावात जातात. सगळी जाईपर्यंत मी फळीशी उभा होतो. दिनकररावांनी विचारलं, "कुणाची वाट बघायलास?" म्हणालो, कुणाची नाही. ते खरंच होतं. मी नुसता उभा होतो.

केशरबाईंनी आज पुन्हा कडीवरून सुनावलं. मी म्हणालो, "राहू द्या उघडं." त्या माझ्याकडं बघत राहिल्या आणि पदर तोंडाला लावून गेल्या. त्यांना काय झालं कोणास ठाऊक. मी दोन्ही वेळा जेवत नाही म्हणूनही कुरकुर करत होत्या. दुकानात बिस्किटं असतात, मला भूक कुठं लागते.

१ डिसेंबर, सोमवार

जसं झालं तसं लिहितो.

सकाळी मायची पूजा फार वेळ चालली. मी दोनदा डोकावून आलो. डाव्या तळव्यावर लिंग आणि उजव्या हाताची बोटं भस्मात, तशीच बसून होती. बोटांकडं बघत होती. मला वाटलं डोळा लागलाय.

दुपारी दुकान वाढवून घरात आलो तर माझा पाट मांडलेला. ताटात भाकरी, पिठलं, कांदा. सगळं केशरबाईंनी आणून दिलेलं, पण वाढलं होतं मायनं. भिंतीला धरून उठली कशी आणि वाढलं कसं, देव जाणे. पदर डोक्यावरून नीट घेतलेला.

"बस रामू."

"तू जेवलीस का माय?"

"माझं व्हईल. तू बस आधी."

मला भूक नव्हती. तसं म्हणालो तर लहानपणी दटावायची तसं दटावलं. "गप. ताटातलं सगळं संपवायचं. न्हाईतर उठू देणार न्हाई." तिनं आज नेहमीचं विचारलं नाही, हे माझ्या ध्यानात आलं, पण मी खात होतो. पहिली भाकरी संपली तशी दुसरी वाढली. मी एवढा कधी जेवलो ते आठवत नाही. ती समोर बसून एकेक घास बघत होती. शेवटी तिनं स्वतः तांब्या घेतला आणि माझ्या हातावर पाणी घातलं. पाणी निम्मं बाहेर सांडलं.

मग जवळ सरकली. माझा ओला हात तसाच आपल्या दोन्ही हातांत धरला.

"रामू, धीर धर बाबा. तुझी महेसरी गेली रं."

मी हात सोडवायला बघितलं, तिनं सोडला नाही.

"म्या माझ्या हातानं तिला भस्म लावलं. ह्या बोटानं. लय गार व्हतं कपाळ." माझ्या मनगटावरून तिचा अंगठा फिरत होता. "तू रोज म्हणतूस, येते म्हणून गेली, येते म्हणून गेली. आन दाराची कडी काढून ठेवतूस. मला वाटलं, ह्या लेकराला कुणी सांगितलंच न्हाई. लोक घाबरत असतेल तुला सांगायला. म्हणलं, आपणच सांगावं. पण उपाशीपोटी कसं सांगावं?"

बाहेर मालगाडी चालली होती. माय थांबली आणि तिनं मालगाडी जाऊ दिली.

"तुला ठाऊक व्हतं का रं?"

मी म्हणालो, "न्हाई, माय."

"तेच म्हणलं मी," ती म्हणाली. आणि माझं डोकं ओढून आपल्या मांडीवर घेतलं. मला रडायला आलं. मोठ्यानं आलं. आवाज ऐकून केशरबाई मागच्या दारातून धावत आल्या आणि दारातच थांबल्या. मायनं त्यांना हातानं गप राहायला सांगितलं. "आत्ताच कळलंय त्याला," म्हणाली.

दुपारनंतर दुकान उघडलं नाही.

महेश्वरी. महेश्वरी. किती वर्षांनी लिहिलं हे नाव. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर कधी घेतलंच नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

मागच्या दाराची कडी रात्रीच लावली.

सकाळी धनश्रीला फोन करून म्हणालो, ये दोन दिवस. का म्हणून तिनं विचारलं नाही. मीच म्हणालो, मला तुझ्या आईची लय आठवण येते. तिकडं ती रडायला लागली आणि इकडं मी.

मायला कालचं काही आठवत नाही. पूजा नेहमीसारखी केली, भस्म लावलं, लिंग वस्त्रात बांधलं आणि दाराकडं बघितलं. मी ताट घेऊन आत गेलो.

"महेसरी कुठं गेली रं?"

"आधी जेव, माय. मग सांगतो."

तिनं ताट जवळ ओढलं. मी माझंही वाढून घेतलं आणि तिच्यासमोर बसलो.